लॅपटॉप चार्ज होत नाहीये? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

चार्जर लावलाय, पण टक्का जागचा हलत नाही. अशा वेळी पहिला विचार येतो तो नव्या बॅटरीचा, आणि बऱ्याचदा तोच चुकतो. भिंतीतल्या सॉकेटपासून बॅटरीतल्या सेलपर्यंत वीज पोहोचायची तर मध्ये पॉवर कॉर्ड, अडॅप्टर, त्याची वायर, पिन, लॅपटॉपचा जॅक आणि मदरबोर्डवरचं चार्जिंग सर्किट एवढे टप्पे आहेत. शिवाय वाटेत एक राखणदार बसलेला असतो: एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप. अडॅप्टर ओळखीचा आहे का, बॅटरी फार तापली नाही ना, वापरणाऱ्याने काही मर्यादा घातली आहे का, हे बघून चार्जिंग सुरू करायचं की नाही हे ती ठरवते. म्हणजे कित्येकदा काहीच बिघडलेलं नसतं, लॅपटॉप मुद्दाम चार्जिंग नाकारत असतो. कोण नाकारतंय आणि का, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

खालचा क्रम मी स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या लॅपटॉपवर पाळत आलोय. फुकटातल्या आणि लॅपटॉप न उघडता होणाऱ्या गोष्टी आधी, स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

हाताशी काय हवं

- त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॅटचा, चालू असल्याची खात्री असलेला दुसरा अडॅप्टर. उसना मिळाला तर उत्तम
- टॉर्च, लाकडी टूथपिक, मऊ ब्रश
- मल्टिमीटर, असलाच तर
- लॅपटॉपचा मॉडेल नंबर, सीरियल नंबर आणि खरेदीची पावती
- महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप घ्यायला पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क

बॅकअप आत्ताच घ्या, बॅटरीत थोडाफार जीव आहे तोवर. नंतर लॅपटॉप सुरूच झाला नाही, तर चार्जिंगची तक्रार बाजूला राहील आणि फायलींची चिंता सुरू होईल.

१. बॅटरी फुगलेली नाही ना, हे सर्वांत आधी बघा

लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगतोय का? टचपॅड वर आलाय का, त्याचं क्लिक कडक झालंय का? कीबोर्डच्या मध्यभागी उंचवटा दिसतो का, खालच्या झाकणाची फट वाढली आहे का? यातलं काही दिसलं तर बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. मग पुढची एकही पायरी करू नका. चार्जर काढा, लॅपटॉप वापरणं थांबवा आणि बॅटरी जाणकाराकडून बदलून घ्या. फुगलेली बॅटरी दाबून बसवणं, टाचणीने टोचून आतला वायू काढणं असले उद्योग जिवावर बेततात, कारण त्या वायूखाली पेट घेणारं इलेक्ट्रोलाइट असतं.

२. लक्षण नीट वाचा

"चार्ज होत नाही" या तक्रारीखाली चार वेगवेगळे आजार येतात. आपला कोणता ते आधी ठरवा.

पहिला: चार्जर लावला तरी लॅपटॉपला पत्ताच नाही. प्लगचं चिन्ह नाही, दिवा नाही. दोष बहुधा सॉकेट, अडॅप्टर, वायर किंवा जॅकमध्ये. पायरी ४ आणि ५ बघा.

दुसरा: चिन्ह येतं, पण सोबत "प्लग्ड इन, नॉट चार्जिंग" असा संदेश. म्हणजे वीज येतेय, चार्जिंग नाकारलं जातंय. पायरी ३ पासून सुरुवात करा.

तिसरा: "चार्जिंग" असं दिसतं, पण टक्का वाढत नाही किंवा चक्क घसरतो. अडॅप्टर कमी ताकदीचा आहे किंवा बॅटरी थकली आहे.

चौथा: बॅटरीच्या चिन्हावर फुली किंवा "नो बॅटरी" असा संदेश. बॅटरीचा कनेक्टर सुटलाय, नाहीतर बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने दार बंद केलंय.

आता एक सोपी चाचणी, जी लोक हमखास विसरतात. लॅपटॉप पूर्ण बंद करा, म्हणजे स्लीप नव्हे, शटडाउन. चार्जर लावून तासभर ठेवा आणि मग सुरू करून टक्का बघा. बंद असताना चार्ज झाला आणि चालू असताना होत नाही, तर अडॅप्टरची ताकद अपुरी आहे किंवा घोळ सॉफ्टवेअरचा आहे. बंद असतानाही हलला नाही, तर एक तर चार्जिंगची मर्यादा लागलेली आहे किंवा हार्डवेअरमध्ये दोष आहे.

३. मर्यादा लागली आहे का?

टक्का ६० किंवा ८० च्या आसपासच अडकत असेल, तर लॅपटॉप ठणठणीत असण्याचीच शक्यता जास्त. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेल्या अवस्थेत, म्हणजे सेलमागे साधारण ४.२ व्होल्टवर, सतत राहिला की लवकर म्हातारा होतो. म्हणून कंपन्यांनी चार्जिंग मध्येच थांबवण्याची सोय दिली आहे.

लेनोव्होमध्ये व्हँटेज ॲपमध्ये कॉन्झर्व्हेशन मोड बघा. थिंकपॅडमध्ये चार्ज कधी सुरू व्हावा आणि कधी थांबावा याचे दोन वेगळे आकडे ठरवता येतात. असुसमध्ये मायअसुस ॲपमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग असतं. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी हेल्थ मॅनेजर हा पर्याय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, असतो. डेलमध्ये तो बायोसमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये मिळतो. मॅकबुकमध्ये ऑप्टिमाइज्ड बॅटरी चार्जिंग सुरू असेल तर तो तुमच्या सवयी ओळखून ८० टक्क्यांपुढचं चार्जिंग लांबवतो.

ही मर्यादा काढा आणि टक्का वर चढतो का बघा. चढला तर काम संपलं, हवी असल्यास मर्यादा पुन्हा लावा. माझं मत विचाराल तर लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच राहत असेल तर ती लावूनच ठेवावी.

इथे एक सापळा आहे. बऱ्याच मॉडेलांत ही मर्यादा विंडोजमध्ये नाही, त्या कंट्रोलरमध्ये साठवली जाते. त्यामुळे विंडोज नव्याने टाकलं, ॲप उडवलं किंवा लिनक्स बसवलं तरी ती तशीच राहते. लॅपटॉप सेकंड हँड असेल तर आधीच्या मालकाने घातलेली मर्यादा आपल्याला छळत असते आणि आपण बॅटरीला दोष देत बसतो.

टक्का ९५ ते ९९ च्या मध्ये थांबणं हाही दोष नव्हे. एकदोन टक्के कमी झाले की लगेच भरायला धावू नये, अशी व्यवस्था पुष्कळ लॅपटॉपमध्ये मुळातच असते.

तापमानही तपासा. शून्य अंश सेल्सियसच्या खाली लिथियम-आयन बॅटरी चार्ज करणं घातक असतं, आणि साधारण ४५ अंशांच्या वर चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरत असाल, उन्हात राहिला असेल किंवा बंद गाडीत तापला असेल, तर तो बंद करून सावलीत निवू द्या. थंड करायला फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि दुखण्यात भर पडते.

४. सॉकेट ते जॅक: एकेक कडी तपासा

एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस काढून टाका, चार्जर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. त्या सॉकेटवर आधी दुसरं काही चालवून बघा. वाचायला बाळबोध वाटेल, पण सैल सॉकेटने लोकांना दुकानाच्या फेऱ्या मारायला लावलं आहे.

अडॅप्टरच्या ठोकळ्यात जाणारी कॉर्ड बहुतेक वेळा वेगळी निघते. ती काढून घट्ट बसवा किंवा दुसरी लावून बघा. मग वायरीवरून बोट फिरवत जा. ठोकळ्यातून निघते ती जागा आणि पिनेजवळची जागा या दोन ठिकाणी वायर सगळ्यात जास्त तुटते, वरचं आवरण धड असलं तरी. तिथे वायर हलवल्यावर चार्जिंग येत-जात असेल तर दोष सापडला. चिकटपट्टी गुंडाळून दिवस ढकलू नका, तिथे ठिणगी पडू शकते.

आता जॅक. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि टॉर्चच्या उजेडात आत बघा. धूळ, कापसाचे तंतू, काळा पडलेला संपर्क, वाकलेली पिन. कचरा लाकडी टूथपिकने किंवा मऊ ब्रशने हळूच काढा. सुई किंवा क्लिप घालू नका. पिन लावून किंचित हलवल्यावर ती डगमगत असेल किंवा विशिष्ट कोनात धरल्यावरच चार्ज होत असेल, तर जॅक सैल झालाय. हा भाग काही लॅपटॉपमध्ये छोट्या वायरीसकट वेगळा येतो आणि बदलणं सोपं जातं. काहींत तो थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो. दुरुस्तीवाल्याला आधी हेच विचारा, कारण खर्च त्यावर ठरतो.

डेल आणि एचपीच्या गोल पिनेच्या मधोमध एक बारीक सुईसारखी पिन असते. ती वीज नेत नाही, अडॅप्टर किती वॅटचा आहे हे लॅपटॉपला सांगते. ती वाकली किंवा तिची नाजूक वायर तुटली की मजेशीर लक्षणं दिसतात: लॅपटॉप चार्जरवर चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि एकूण काम कूर्मगतीने होतं. डेलमध्ये सुरू होताना अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही असा संदेशही येतो. अशा वेळी बॅटरी बदलून शून्य फायदा. आधी दुसरा अडॅप्टर लावून बघा. त्यानेही तेच झालं तर जॅक किंवा बोर्ड.

मल्टिमीटर असेल तर गोल पिनेचं व्होल्टेज मोजा. मीटर डीसी २०० व्होल्टच्या रेंजवर ठेवा, कारण २० च्या रेंजवर साधे मीटर २० व्होल्टच्या अडॅप्टरपुढे नुसता "१" दाखवून गप्प बसतात. लाल प्रोब पिनेच्या आतल्या भिंतीला, काळा बाहेरच्या बाजूला. मधल्या सुईला प्रोब लागू देऊ नका. आकडा लेबलवरच्या "आउटपुट"च्या आसपास यायला हवा, म्हणजे बहुधा १९, १९.५ किंवा २० व्होल्ट. मात्र आकडा बरोबर आला म्हणून अडॅप्टर निर्दोष ठरत नाही. ओझं नसताना नीट व्होल्टेज देणारा अडॅप्टर लॅपटॉप जोडल्यावर कोसळू शकतो. आकडा चुकीचा आला तर मात्र अडॅप्टर नक्की गेला.

दुसरा अडॅप्टर लावताना: व्होल्टेज आणि पिन तंतोतंत तीच हवी, वॅट तेवढे किंवा जास्त. ६५ वॅटच्या जागी ९० वॅटचा चालतो, लॅपटॉप लागेल तेवढीच वीज ओढतो. ४५ वॅटचा लावला तर टक्का फार हळू वाढेल किंवा वाढणारच नाही, आणि खेळांसाठीच्या दणकट लॅपटॉपला तर तो अजिबात पुरणार नाही.

५. यूएसबी-सीने चार्ज होणाऱ्यांसाठी

इथे घोळ जास्त, कारण सगळी पोर्टं आणि सगळ्या केबली दिसायला सारख्या.

पहिली गोष्ट पोर्टची. लॅपटॉपला दोन यूएसबी-सी पोर्टं असली तरी दोन्ही चार्जिंगची असतीलच असं नाही. शेजारी प्लगचं किंवा बॅटरीचं बारीक चिन्ह आहे का बघा, नाहीतर मॉडेलचं माहितीपत्रक काढा. काही पोर्टं फक्त डेटासाठी असतात आणि त्यांत चार्जर लावून कितीही वाट पाहिली तरी काही होत नाही.

दुसरी गोष्ट चार्जरची. लॅपटॉप आणि चार्जर आधी आपसांत बोलणी करतात. या पद्धतीला यूएसबी पॉवर डिलिव्हरी म्हणतात, आणि तिचे नेहमीचे टप्पे ५, ९, १५ आणि २० व्होल्टचे. लॅपटॉपला बहुधा २० व्होल्ट लागतात. मोबाइलचा चार्जर बऱ्याचदा तिथवर पोहोचत नाही, म्हणून लॅपटॉप तो नाकारतो किंवा "स्लो चार्जर" असा इशारा देतो. फोनच्या कंपनीने "सुपरफास्ट" म्हणून मोठा वॅटचा आकडा छापलेला असला तरी तो त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचा असू शकतो, लॅपटॉपला त्याचा उपयोग नाही. चार्जरवर बारीक अक्षरांत २० व्होल्टची ओळ आहे का, ते वाचा.

तिसरी गोष्ट केबल, आणि खरा चोर बहुधा हीच. साध्या सी-टू-सी केबलमधून ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅटच जातात. त्याहून जास्तीसाठी केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप लागते. १०० वॅटच्या चार्जरला साधी केबल जोडली की तो निमूटपणे ६० वर उतरतो, कुठे तक्रारही करत नाही. २०२१ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीने मर्यादा २४० वॅटपर्यंत नेली, पण त्यासाठी चार्जर, केबल आणि लॅपटॉप तिन्ही त्या आवृत्तीचे हवेत.

आणि मल्टिमीटरचा प्रयोग इथे करू नका. बोलणी झाल्याशिवाय असा चार्जर बाहेर वीजच सोडत नाही, त्यामुळे शून्य दिसेल आणि चांगला चार्जर तुम्ही फेकून द्याल. शिवाय तेवढ्याशा पोर्टात प्रोब खुपसून शॉर्ट व्हायला क्षण पुरतो.

६. पॉवर रीसेट

कंट्रोलर कधीकधी अडकून बसतो. विंडोज रीस्टार्ट करून तो जागा होत नाही, कारण लॅपटॉप बंद असतानाही त्याला बॅटरीतून वीज मिळत असते.

लॅपटॉप शटडाउन करा, चार्जर आणि बाकी सगळ्या केबली काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. बॅटरी परत लावा, चार्जर लावा, पाच मिनिटांनी सुरू करा. बॅटरी आत बंद असलेल्या काही लॅपटॉपच्या तळाला सुईच्या टोकाएवढं रीसेटचं भोक असतं. चार्जर काढून त्यात क्लिपचं टोक काही सेकंद दाबायचं. ते भोक रीसेटचंच आहे, मायक्रोफोनचं नाही, हे माहितीपत्रकात बघून घ्या. इंटेलच्या मॅकबुकमध्ये याच कामाला एसएमसी रीसेट म्हणतात. ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकमध्ये वेगळी युक्ती नाही, बंद करून सुरू केला की झालं.

७. ड्रायव्हर आणि बायोस

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, "बॅटरीज" खाली "मायक्रोसॉफ्ट एसीपीआय कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी" दिसेल. त्यावर राइट क्लिक, अनइन्स्टॉल, मग रीस्टार्ट. विंडोज ड्रायव्हर आपोआप परत बसवतं. धोका काही नाही, पण सगळीकडे हा रामबाण उपाय म्हणून सांगतात तितका तो नाही. टक्का चुकीचा दिसत असेल तर उपयोगी, वीजच येत नसेल तर निरुपयोगी.

बायोसचं अपडेट कंपनीच्या अधिकृत पानावरूनच घ्या आणि मॉडेल नंबर तंतोतंत जुळवा. चार्जर ओळखण्यातले दोष त्यातून कधीकधी दुरुस्त होतात. पण बॅटरी फार उतरलेली असेल तर अपडेट सुरूच व्हायला नकार देतं, आणि ते योग्यच आहे. अर्ध्यात वीज गेली तर लॅपटॉप सुरू होणं मुश्कील. अशा वेळी जबरदस्तीच्या पळवाटा शोधू नका.

८. बॅटरीची प्रकृती आकड्यांत बघा

आता कुठे बॅटरीवर संशय घ्यायचा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून powercfg /batteryreport असं टाइप करा आणि एंटर दाबा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तो पत्ता तिथेच दिसतो. ती ब्राउझरमध्ये उघडा. मॅकमध्ये सेटिंग्जच्या बॅटरी विभागात बॅटरी हेल्थ बघा. लिनक्समध्ये यूपॉवर हीच माहिती देतं.

दोन आकडे शोधा: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. समजा पहिला ५०,००० मिलिवॅट-तास आहे आणि दुसरा २९,०००. म्हणजे बॅटरीत मूळ ताकदीच्या ५८ टक्के उरली आहे. ती थकली आहे, पण चार्ज व्हायला हवीच. थकलेली बॅटरी लवकर उतरते, चार्ज नाकारत नाही. नाकारत असेल तर कारण वेगळं आहे. दुसरा आकडा शून्याजवळ असेल, किंवा टक्का ४० वरून एकदम ५ वर कोसळत असेल, तर बॅटरी बदलायची वेळ आली. सायकल काउंटही दिसेल. चार्जर जितक्या वेळा लावला तितक्या सायकल असं नाही, एकूण १०० टक्के वापर झाला की एक. मॅकबुकसाठी ॲपलने १००० सायकलींची मर्यादा दिली आहे, साध्या बॅटऱ्या ३०० ते ५०० नंतर उतरणीला लागतात.

महिनोन्‌महिने कपाटात पडलेल्या लॅपटॉपचं प्रकरण निराळं. बॅटरी स्वतःहून इतकी उतरते की संरक्षक सर्किट तिला कुलूप लावतं. तशी बॅटरी आधी अगदी बारीक प्रवाहाने जागी केली जाते. म्हणून मूळ चार्जर लावून, लॅपटॉप बंद ठेवून, आपण घरात जागे असताना काही तास थांबा. दिवा लागला तर ठीक. नाही लागला तर बाहेरून वायरी जोडून बॅटरीला "धक्का" देण्याचे व्हिडिओ पाहून काही करू नका. खूप खोलवर उतरलेल्या सेलमध्ये तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना भलत्याच जागी जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. कुलूप लावलेलं असतं ते यासाठीच.

९. दुरुस्ती किंवा नवी बॅटरी

वॉरंटी असेल तर लॅपटॉप उघडू नका, सरळ कंपनीकडे जा. पण बॅटरीची वॉरंटी लॅपटॉपपेक्षा कमी मुदतीची असू शकते, ते पावतीसोबतच्या कागदात आधी वाचा.

दुरुस्तीवाल्याला "चार्ज होत नाही" एवढंच सांगू नका. कोणता संदेश दिसतो, दुसऱ्या अडॅप्टरने काय झालं, बंद असताना चार्ज होतो का, रिपोर्टमधले दोन आकडे काय आहेत, हे लिहून न्या. एवढी माहिती असलेल्या गिऱ्हाईकाला कोणी उगाच मदरबोर्ड बदलायला सांगत नाही. चांगल्या अडॅप्टर आणि चांगल्या बॅटरीनेही चार्ज झाला नाही तर चार्जिंगची आयसी, म्हणजे चिप, किंवा तिच्या आसपासचे भाग गेलेले असू शकतात. ते चिप पातळीवर दुरुस्त होतात, म्हणून पूर्ण बोर्ड बदलण्याआधी तसं काम करणारा कोणी आहे का ते विचारा.

नवी बॅटरी घेताना लॅपटॉपच्या नावावर जाऊ नका, जुन्या बॅटरीच्या लेबलवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवा. एकाच मॉडेलमध्ये ११ व्होल्टच्या आसपासची तीन सेलची आणि १५ च्या आसपासची चार सेलची अशा दोन बॅटऱ्या येऊ शकतात, आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. वॅट-तास जास्त असलेली चालते, जागेत बसली तर. मूळपेक्षा दुप्पट क्षमतेचा दावा करणाऱ्या आणि वजनाला हलक्या बॅटरीपासून दूर राहा.

नवी बसवल्यावर एकदा पूर्ण चार्ज करा, १०-१५ टक्क्यांपर्यंत उतरू द्या, पुन्हा पूर्ण भरा, म्हणजे टक्क्याचा अंदाज जुळतो. दर आठवड्याला शून्यावर आणायचा जुना सल्ला निकेलच्या बॅटऱ्यांचा होता, लिथियमला तो मारक आहे. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कनेक्टरवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.